घशातली राख

रक्तावर जगणाऱ्या घरात माझा जन्म झाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दर वेळी थांबून सांगावं लागणार नाही. आमच्यात आम्ही स्वतःला 'पिणारे' म्हणतो. बाहेरच्या कुणी ऐकलं तर ते दारूचं समजतात आणि मान हलवून पुढे जातात. आमचं त्यात भागतं.

वाशीम जिल्ह्यात आमची घरं थोडी आहेत. आमचं अनसिंगला आहे. माणसांच्या वाटेला आम्ही जात नाही. खापरपणजोबांच्या काळात जात होते, आता नाही. बाजाराच्या दिवशी खाटकाकडून बकऱ्याचं रक्त आणतो. आमच्या भागात रक्त शिजवून त्याची रक्ती करून खाणारी घरं बरीच आहेत, त्यामुळे डबा पुढे केला तर कुणी काही विचारत नाही. ऊन आम्हाला चालत नाही. अंगावर पडलं की फोड येतात, जास्त वेळ पडलं तर जीव जातो. पण वऱ्हाडातल्या उन्हाला सगळेच भितात. माझी मुलगी रेणू वाशीमला कॉलेजात जाते ती तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल आणि हातात कोपरापर्यंतचे मोजे घालून. तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली तशाच येतात. तिला वेगळं काही करावं लागत नाही.

मी घरात बसून शिवणकाम करते. रेणूचे बाबा जिनिंगवर रात्रपाळीचे चौकीदार आहेत. असं आमचं साधं चाललं होतं.

मग मला तो आजार झाला. मी त्यातून उठले. माझ्या शेजारच्या खाटेवर जे होते ते उठले नाहीत. आज ज्यांना तो लागला आहे त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यापेक्षाही जास्त त्यांच्या घरच्यांसाठी, मी हे लिहिते आहे. औषधपाण्यातलं मला कळत नाही. जे झालं ते सांगते.

वाळू

बाजाराचा दिवस होता. रेणूच्या बाबांनी डबा आणला, मी तिघांचे गडवे भरले. पहिला घोट जिभेवर नेहमीसारखा होता, थोडा कोमट, थोडा खारट. घशाखाली उतरला आणि कचकच झाली. मला वाटलं, खाटकानं भांडं खाली ठेवलं असेल, वाळू गेली असेल.

"तुमच्यात वाळू लागली का?" मी विचारलं.

"नाई बा," रेणूचे बाबा म्हणाले. त्यांनी गडवा रिकामा करून उलटा ठेवला. रेणूचाही झाला होता.

मी मोरीत जाऊन थुंकले. थुंकी करडी होती. दुसरा घोट घेतला, तीच गत. पोट भरल्यासारखं जड झालं आणि तहान होती तशीच राहिली. त्या दिवशी मी कुणाला काही बोलले नाही. भांड्याला दोष दिला, मग घशाला, मग खाटकाला. पुढच्या बाजारी मंगळसूत्राखालची कातडी भेगाळली होती, जीभ वहाणेच्या तळासारखी झाली होती. रेणूनं माझा हात हातात घेतला आणि पटकन सोडून दिला. तिला काय जाणवलं ते मला माहीत होतं. मी वाळत होते.

आमच्यातला प्रत्येक जण या आजाराचं नाव ओळखतो, त्यामुळे ते पहिल्यांदा उच्चारायला कुणी धजत नाही. रेणूचे बाबा मला वाशीमच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेले, हे आम्ही सहसा करत नाही. त्यानं बॅटरी लावून घसा पाहिला.

"तंबाखू खाता का?"

"नाही."

"मग मिश्री लावत असाल."

त्यानं गोळ्या दिल्या. बाहेर येऊन रेणूचे बाबा त्या पुडीकडे पाहत कितीतरी वेळ जिन्याच्या सावलीत उभे राहिले. गोळ्यांनी काही होणार नाही हे दोघांनाही कळत होतं. तरी आम्ही त्या घरी नेल्या.

गंगाबाईंची परात

कारंज्याला जुन्या रुईच्या गोदामामागे गंगाबाईंचं घर आहे. आमच्यातलं कुणी आजारी पडलं की तिथंच नेतात. बाई फार म्हाताऱ्या आहेत, किती ते त्याच जाणोत. हात मात्र अजून थरथरत नाहीत.

त्यांनी मला चमचाभर रक्त दिलं. "गिळ. आता खाकर, अन् यात थुक." पितळेची परात त्यांनी माझ्या हनुवटीखाली धरली. जे पडलं ते त्यांनी दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. मग पदराला बोटं पुसली.

"राख्या हाये," त्या म्हणाल्या.

"नक्की?" रेणूच्या बाबांनी विचारलं.

"दुसरं काई असतं त मले बरं वाटलं असतं, बाप्पा."

राख्या म्हणजे काय ते बाहेरच्या वाचणाऱ्यासाठी सांगते. फार वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकानं शेतात जागलीला असलेल्या माणसाला पिऊन कोरडा केला. त्या माणसाची बायको तरुण होती. नवऱ्याला जाळल्यावर तिनं चितेतली मूठभर राख उचलली, ती आमच्या माणसाच्या दारात आली आणि त्याच्या तोंडावर फेकली. म्हणाली, "तुमच्या तोंडात हेच पडन." तेव्हापासून हे आहे. कधी या घरात, कधी त्या घरात. ज्याला लागतो त्यानं गिळलेल्या प्रत्येक घोटाची घशाखाली राख होते. काहींचा सुटतो, बहुतेकांचा सुटत नाही. तो का लागतो आणि का सुटतो, हे कुणालाच कळलेलं नाही.

"हिले अथीच ठेवा," गंगाबाई म्हणाल्या.

रेणूच्या बाबांनी मान हलवली. "नाई बाई. अथी ठेवली की सगळ्यायले माईत पडते. पोरीचं लगन व्हायचं हाये. घरीच पाहू."

"घरी जीव जाईन तिचा."

मी दोघांच्या मध्ये बसले होते. मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही बोलले नाही. मलाही घरी जायचं होतं. माझ्या मशीनजवळ, माझ्या खाटेवर गेले की सगळं आधीसारखं होईल, असं आजारी माणसाला वाटतंच.

वेगळा गडवा

घरी आल्यावर पहिली गोष्ट झाली ती म्हणजे माझा गडवा वेगळा झाला. रेणूच्या बाबांनी त्याला लाल दोरा बांधला. राख्या उष्ट्यातून जातो असं काही जण म्हणतात. त्यांना माझा राग नव्हता, ते भ्याले होते. पण दोरा बांधताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर ते माझ्याकडे पाठ करून प्यायचे. मी माजघरात पडून असायची आणि स्वयंपाकघरातून गिळल्याचा आवाज यायचा. तो आवाज मला दुखण्यापेक्षा जास्त छळायचा. नवरा आणि मुलगी जगावीत म्हणून जो घोट त्यांनी घ्यायलाच हवा, त्या घोटाचा मी द्वेष करत होते.

रेणूनं काही दिवस हे पाहिलं. एका संध्याकाळी बाबांनी माझा गडवा वेगळ्या बादलीत धुवायला टाकला. तिनं तो उचलला, त्यात उरलेलं होतं ते त्यांच्यासमोर प्यायली आणि गडवा जमिनीवर आपटला.

"पाहा! झालं का मले काही?"

बाबांनी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि रडायला लागले. रेणूही रडत होती. माझ्या डोळ्यांत पाणीच नव्हतं, अंगातलं सगळं पाणी गेलं होतं. मी कोरड्या डोळ्यांनी दोघांकडे पाहत राहिले.

त्यानंतर ती थुंकली की मी मोरीत जाऊन पाहायची. लपून पाहायची. रेणूला काही झालं नाही. अजून तरी नाही. अजूनही मी पाहते.

मंदाबाई

मंदाबाईचं घर आमच्या घराला लागून आहे. ती अंगणवाडीत मदतनीस आहे आणि आमच्यातली नाही, साधी माणूस आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची आमची सोबत. तिच्या मुलांच्या शाळेच्या गणवेशांपासून सुनेच्या ब्लाउजांपर्यंत सगळं मी शिवलं. मला घशाचा कॅन्सर झाला असं आम्ही तिला सांगितलं होतं. अंगणवाडी सुटली की ती यायची, माझ्या टाळूला तेल लावायची, ओल्या फडक्यानं ओठ टिपायची. केस हातात यायचे, ते ती मला न दाखवता मुठीत धरून बाहेर टाकायची.

"शेजारची म्हणते तुले कोणाची तरी हाय लागली म्हणून," ती एकदा म्हणाली. "मी सांगतलं, आमी नाई मानत असलं काही. बिमारी हाये, बरी होईन."

शाप न मानणारी एकटी तीच माझ्याजवळ बसत होती. बातमी शेवटी फुटलीच होती, आणि शाप मानणारे माझे सगळे नातेवाईक फोनवरूनच विचारत होते.

त्याच फोनवरून रिसोडकडच्या कुणीतरी रेणूच्या बाबांना सांगितलं, की बकऱ्याच्या रक्ताची राख होते, माणसाच्या रक्ताची होत नाही. खरं की खोटं, देव जाणे. पण बुडणाऱ्याच्या कानात पडलेली गोष्ट होती ती.

दुपारची वेळ होती. रेणू कॉलेजात. मंदाबाई माझ्या उशाशी बसून माझे हात चोळत होती. रेणूचे बाबा आतून आले, दाराशी गेले आणि त्यांनी कडी लावली. मला वाटलं ऊन आत येतंय म्हणून. मग ते तिथंच दाराला पाठ लावून उभे राहिले.

"कमल," ते म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. "एक घोट. जास्त नाई. तिले काही होत नाई एका घोटानं."

मंदाबाईचे हात माझ्या हातांवर थांबले.

मी खोटं लिहिणार नाही. मला हवं होतं. तिच्या मनगटातली शीर माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी त्या क्षणी मंदाबाईला पाहत नव्हते, फक्त त्या शिरेला पाहत होते. मी तिचं मनगट धरलं. उठून बसायची ताकद नव्हती मला, तरी ते धरायची ताकद कुठून आली कुणास ठाऊक. तोंडापर्यंत नेलं.

ती ओरडली नाही. तिनं हात ओढूनही घेतला नाही. नुसतं म्हणाली, "कमल. सोड."

मी सोडलं. लोक म्हणतील कमलनं मैत्री जपली. तसं नाही. दात टेकवता टेकवता मला एकच गोष्ट सुचली. हिच्याही रक्ताची राख झाली तर? मग यापुढे करण्यासारखं काहीच उरणार नाही. त्या भीतीनं माझी बोटं सुटली. चांगुलपणाला तिथं यायला वेळच मिळाला नाही.

मंदाबाई उभी राहिली. पदर सावरला. रेणूच्या बाबांकडे वळून म्हणाली, "भास्करभाऊ, कडी काढा."

ते हलले नाहीत. पण त्यांची मान खाली गेली होती. तिनं स्वतः हात पुढे करून त्यांच्या खांद्यावरून कडी काढली. दार उघडलं तेव्हा ऊन आत पडलं आणि ते बाजूला सावलीत सरकले. ती उंबऱ्यावर थांबली.

"मले माईत होतं," ती म्हणाली. "दर बाजारी डबा भरून रक्ती आणता. शिजल्याचा वास एकदा नाई आला तुमच्या घरातून."

"मग येत काहून होती?" मी विचारलं. माझा आवाज घशातल्या घशात घासत होता.

"तुमी कोणाले तरास नाई देला म्हणून येत होती."

एवढं बोलून ती गेली. तिनं कुणाला सांगितलं नाही. आमच्या दारात कुणी काठ्या घेऊन आलं नाही. आलं असतं तर कदाचित रेणूच्या बाबांना सोपं गेलं असतं.

संध्याकाळी रेणू आली. घरात काय झालं ते तिला आमच्या तोंडांवरूनच कळलं असावं. तिनं बाबांना काही विचारलं नाही, मला विचारलं. मी सांगितलं. तिनं माझी दोन लुगडी पिशवीत भरली.

"आई, उद्या कारंज्याले जायचं. लगनबिगन पाहू मंग. नाई झालं त नाई."

ढगाळ दिवस होता. मंगरूळपीरवरून जाणाऱ्या एस.टी.त ती मला खिडकीपासून लांबच्या सीटवर घेऊन बसली. पूर्ण रस्ताभर तिचा हात माझ्या हातावर होता. या वेळी तिनं तो सोडला नाही.

वात

गंगाबाईंकडे आजाऱ्यांची एकच लांब खोली आहे. खिडक्यांना गोणपाटाचे पडदे, ते सतत ओले ठेवतात. मी गेले तेव्हा आत थोड्याच खाटा भरलेल्या होत्या. दवाखान्याचा कसलाच वास नव्हता. चुलीजवळ येतो तसा, विझलेल्या लाकडाचा वास होता. तो आमच्या श्वासांचा होता.

सकाळी उठलं की सगळे खाकरायचे. ज्याच्या पोटात जेवढी राख असेल तेवढी वर यायची. बाई परात घेऊन प्रत्येकापाशी फिरायच्या, पाहायच्या आणि पुढे जायच्या. मग आम्हाला ओल्या फडक्यात गुंडाळायचं. मग वात.

वात म्हणजे कापसाची, देवापुढे लावतो तशीच, थोडी जाड. ती बकऱ्याच्या रक्तात भिजवून जिभेखाली ठेवायची. नियम एकच होता. गिळायचं नाही.

"गिळलं की राख फेकणारीचा हुकूम," बाई म्हणायच्या. "न गिळता मुरते तेवढं आपलं."

सांगायला सोपं आहे. तहानेनं जीव चाललेल्या माणसाच्या जिभेखाली रक्त ठेवायचं आणि त्याला गिळू नको म्हणायचं. आवंढा आपोआप येतो. पहिले कितीतरी दिवस माझा प्रत्येक वेळी आला आणि प्रत्येक वेळी राख झाली. मी बाईंना शिव्या दिल्या. वात काढून भिंतीवर फेकली. बाईंनी दुसरी वळली.

मला वात धरायला शिकवलं ते शेजारच्या खाटेवरच्या देवराव मास्तरांनी. रिठदचे होते. आयुष्यभर छत्री घेऊन शाळेत गेले, वर्गात गणित शिकवलं, संध्याकाळी परत आले. मुलं त्यांना छत्रीमास्तर म्हणायची. आजारानं इतके वाळले होते की चादरीखाली माणूस आहे की नाही ते कळायचं नाही. डोळे मात्र वर्गावर नजर ठेवल्यासारखे.

"आवंढा आला का मान खाली घालायची," ते म्हणाले. "अन् पाढे म्हणायचे. मनातल्या मनात. एकोणतीसाचा म्हण. थो येत नाई कोणाले, त्यात जीव गुततो."

मला एकोणतीसचा पाढा येत नव्हता. तो पाठ करण्यात बरेच दिवस गेले, आणि त्या दिवसांत मी वाचले असं मला वाटतं.

दुपारी बाहेर बाजारात कापसाच्या गाड्यांचा गलका असायचा, लांबून देवळातली घंटा यायची. आत मास्तर बोलायचे. एकदा मी म्हटलं, ज्या बाईनं शाप दिला तिचं नाव तरी काय होतं?

"नाई माईत."

"तिच्या नवऱ्याचं?"

"थेही नाई. आपल्या माणसाचं माईत हाये सगळ्यायले. त्याच्या सात पिढ्या मी तुले सांगू शकतो." त्यांनी चादर छातीपर्यंत ओढली. "म्हणूनच सुटत नसन कदाचित. माफी मांगाची त कोणाची, हेच माईत नाई."

रेणू दर रविवारी यायची. बाबाही एकदा आले. दाराशी उभे राहिले, खाटेपर्यंत आले नाहीत. मी म्हटलं, बसा. बसले. आम्ही घराच्या छपराबद्दल बोललो, गळतं म्हणून. मंदाबाईचं नाव दोघांनीही काढलं नाही. जाताना त्यांनी माझ्या पायांवरचं फडकं सारखं केलं. तेवढंच.

सुटला

एका सकाळी मी उठले तर जिभेखाली वात नव्हती. झोपेत गिळली होती. मी घाबरून बाईंना हाक मारली. त्यांनी परात धरली. मी खाकरले. काही पडलं नाही. परत खाकरले. थोडी लाळ आली, पांढरी.

बाईंनी चमचाभर दिलं. "गिळ."

ते खाली गेलं. पोटात ऊब आली. त्या उबेचं वर्णन मला करता येणार नाही. ज्यांनी ती गमावली त्यांना ती सांगावी लागत नाही.

"गेला?" मी विचारलं.

"गेला नोको म्हणू," बाई म्हणाल्या. "दबून बसला म्हण."

मी रडले. डोळ्यांतून खरंच पाणी आलं. मग मला मास्तरांची आठवण झाली आणि मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कोपरावर टेकून अर्धे उठले होते. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तुहा सुटला," ते म्हणाले. "एका खोलीत राह्यलो आपण. एकाच भांड्यातलं रगत, एकाच कापसाच्या वाती. तुहा सुटला, मंग माहाही सुटला असन! बाई, वाटी द्या."

बाई नाही म्हणाल्या. मास्तर हट्टाला पेटले. इतके दिवस ज्यांनी मला आवंढा गिळू दिला नाही ते लहान मुलासारखे हात पुढे करून बसले. "चमचा नोको. वाटी द्या. भरून." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? मला बरं वाटत होतं. बरं वाटणाऱ्या माणसाला सगळं शक्य वाटतं. मी म्हटलं, "द्या ना, बाई."

ते वाटी दोन्ही हातांत धरून संथपणे, एकही थेंब न सांडता प्यायले. डोळे मिटले होते. मग उघडले. आणि मला कळलं.

ते खोकले नाहीत. वाटी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"घशापर्यंत खरंच रगत होतं वं," ते म्हणाले. "घशापर्यंत चांगलं होतं."

वाळलेल्या पोटात वाटीभर राख मावत नाही. त्यानंतर त्यांना वात धरता आली नाही. त्यांचा मुलगा रिठदहून येईपर्यंत मी त्यांच्या उशाशी बसून होते. शेवटी शेवटी ते ओठ हलवत होते. मी कान नेला. पाढा म्हणत होते, आणि मध्येच चुकत होते, ते कधी चुकत नसत. मी त्यांच्याबरोबर म्हणायला लागले. ते थांबल्यावर मी पुढचा शेवटपर्यंत म्हटला.

मी वाचले आणि ते गेले, यात माझं काही कर्तृत्व नाही. मी जास्त धीराची नव्हते, जास्त चांगलीही नव्हते. मनगट मी धरलं होतं, त्यांनी नाही. तुम्हाला कुणी म्हणालं की मन खंबीर ठेवलं की राख्या सुटतो, तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. आणि शेजारच्याचा सुटला म्हणून आपली वाटी भरून मागू नका. घरच्यांना सांगते, गडव्याला दोरा बांधायचाच असेल तर बांधा, पण बांधताना त्या माणसाकडे पाहा.

उन्हात

घरी आले तेव्हा छप्पर नीट केलेलं होतं. लाल दोऱ्याचा गडवा कुठे दिसला नाही. रेणूच्या बाबांनी माझ्यासमोर बसून प्यायला सुरुवात केली, माझ्याकडे तोंड करून. आम्ही पुन्हा एका घरात राहतो. कधी कधी ते दाराची कडी लावताना थांबतात आणि मला म्हणतात, "तू लाव." मी लावते.

ते एकदा मंदाबाईच्या अंगणात जाऊन हात जोडून उभे राहिले होते. तिनं आतूनच सांगितलं, "घरी जा, भाऊ." मला ते रेणूकडून कळलं.

मी गेले नाही. काय तोंडानं जाणार? अंगणवाडीत जाताना ती दिसायची, मी दाराआड व्हायची. माझी मशीन सुरू झाल्याचं तिला ऐकू जात असेल. तिच्या घरातला भांड्यांचा आवाज मलाही ऐकू यायचा. मधे एक भिंत.

मे महिन्यातल्या दुपारी हाक आली. "कमल वं!"

मी दाराशी आले. आमच्या अंगणात दारापुढच्या छपरीची सावली पडते, कडुनिंबाचीही पडते. आली की ती आधी तिथं येऊन पदरानं तोंड पुसायची, ही तिची सवय. आज ती दोन्ही सावल्या सोडून अंगणाच्या मधोमध उभी होती. डोक्यावर पदर, कपाळावरून घाम गळत होता.

"बरी हायेस?" तिनं विचारलं.

"हाव."

"केस आले वाटते."

"येऊन राह्यले."

"रेणू?"

"कॉलेजात गेली. परीक्षा हाये."

"चांगलं हाये." ती हसली. खरंच हसली, तोंडदेखलं नाही. मला बरी झालेली पाहून तिला आनंद झाला होता, तो तिच्या डोळ्यांत दिसत होता. जमीन तापली होती आणि तिच्या पायातल्या चपलेतूनही चटका लागत असावा, कारण ती या पायावरून त्या पायावर होत होती. पण जागेवरून हलली नाही. आम्हाला जिथं येता येत नाही, तिथंच ती उभी राहिली आणि सुनेच्या बाळंतपणाचं बोलली, अंगणवाडीतल्या नव्या बाईंचं बोलली, पाण्याचं बोलली.

मी छपरीच्या सावलीत, ती उन्हात. मधे चार पावलांचं अंगण.

सावलीत ये, असं मी म्हटलं नाही.